कासवआजोबांची रेघ

फार जुनी गोष्ट आहे, प्राण्यांना रोज संध्याकाळी खेळायला वेळ असायचा तेव्हाची.

एका अरण्यात नदीच्या वाळवंटात हरणं आणि वानर चेंडू खेळत. दोन झाडांना गुळवेल आडवी बांधायची आणि लव्हाळ्याचा चेंडू तिच्यावरून पलीकडे टोलवायचा, एवढाच खेळ. साळिंदरालाही खेळायची फार हौस होती, पण चेंडूची काळजी म्हणून त्याला गुण मोजायला बसवलं होतं.

पंच होते कासवआजोबा. तेच पोट घासत चारी बाजूंनी फिरत आणि वाळूत मैदानाची रेघ उमटे. नियम एकच कडक होता: ज्या पंचावरचा विश्वास उडाला, त्याने पुन्हा मैदानात यायचं नाही. आजोबांना ना उडी जमे, ना धाव. त्या रेघेपुरताच त्यांचा खेळ, आणि तो त्यांना जिवापलीकडे आवडे. म्हणून नीट दिसो न दिसो, निकाल ते ठणकावून देत.

एकदा त्यांनी पाडसाचा चेंडू बाहेर दिला. पाडस हिरमुसून घरी गेलं. सगळे पांगल्यावर आजोबांनी पाहिलं, तर चेंडूचा खळगा रेघेच्या आत होता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि पायाने तो बुजवला. त्या संध्याकाळी त्यांना शेवाळ गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी अटीतटीचा सामना होता. जो जिंकेल त्याला जांभळाखाली पहिली पंगत मिळणार होती. शेवटचा गुण उरला. हरिणीने चेंडू टोलवला, एका वानराने उंच उडी घेतली, आणि चेंडू त्याच्यावरून रेघेबाहेर पडला. वानराला शिवून गेला असेल तर गुण हरणांचा, नसेल तर वानरांचा. नेमकं तेव्हाच मावळतीचं ऊन आजोबांच्या डोळ्यांवर आलं होतं.

"आजोबा, निकाल सांगा," दोन्हीकडून गलका झाला.

आजोबांनी मान आत घेतली. मग सावकाश बाहेर काढली.

"मला दिसलं नाही," ते म्हणाले. "आणि कालचा पाडसाचा चेंडू आत पडला होता. खूण मीच बुजवली. चुकलं माझं. आता मी जातो."

ते नदीकडे वळले. तेवढ्यात उडी घेतलेला तो वानर पुढे आला.

"थांबा, आजोबा. चेंडू माझ्या शेपटीला लागला होता. तुम्ही ठणकावून आमच्या बाजूने निकाल दिला असता, तर मी गप्पच बसणार होतो. पण तुम्ही एवढं कबूल केल्यावर ती जांभळं माझ्या घशाखाली कशी उतरतील?"

हरिणीने सगळ्यांकडे पाहिलं. "आजोबांवरचा विश्वास उडालाय का कोणाचा?"

"माझा काल उडाला होता," पाडस म्हणालं. "आज परत आला. फक्त आजोबा, उद्यापासून उन्हाकडे पाठ करून बसा."

सगळे हसले, आजोबाही हसले. हरणांनी पहिली पंगत मांडली आणि त्या वानराला शेजारी बसवून घेतलं. पुढे तिथे रीतच पडली: चेंडू शिवला की ज्याचा त्याने हात वर करायचा, आणि पंचाला दिसलं नाही तर तो गुण पुन्हा खेळायचा. रेघ मात्र आजोबाच ओढत राहिले.

तात्पर्य: 'मला दिसलं नाही' असं खरं सांगणाऱ्या पंचापुढे खेळाडूही खरं बोलायला शिकतात.