दाऊदबाबाची डागणी

“डागणी तीच, लोहार तोच, डागायची जागाही तीच. मग बाबा, तुमच्या हातची जनावरं चालाय लागतात, आन् माझ्या हातची का बसतात?”

केरबानं विचारलं खरं, पण उत्तर ऐकण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. लंगड्या पाखऱ्या बैलाला चुचकारत, ढकलत तो दाऊदबाबा फकिराच्या झोपडीवजा तकियापर्यंत आला होता. गुरांना डाग द्यायची विद्या त्यानं इथंच उचलली आणि आपला हात म्हाताऱ्यापेक्षा चलाख म्हणून गावोगाव मिरवला. आता घरच्याच बैलाला दोनदा डागलं, तरी त्याचा मागचा पाय टेकेना.

पाखऱ्या त्यानं वासराचा बैल केलेला. तो गेला तर डागणी विहिरीत टाकायची, हे त्याचं ठरलं होतं.

दाऊदबाबा कण्हत उठला. शेणी पेटवल्या, डागणी विस्तवात सारली. केरबानं आपला भाता पुढं केला, तर बाबानं तो पायानं बाजूला लोटला.

मंद धगीवर लोखंड तापता तापेना. तोवर बाबा बैलाच्या खुब्याला तेल चोळत राहिला. दाबायचा, थांबायचा... पुन्हा दाबायचा.

डागणी लाल झाली. बाबानं ती उचलली, न्याहाळली, पाण्यात बुडवली आणि परत विस्तवात ठेवली.

“तापली हुती की, बाबा.”

“दिसतंय मला.”

पुन्हा लाल. पुन्हा पाण्यात. पुन्हा तेल.

केरबा आधी चिडला, मग त्याला चिडायचाही कंटाळा आला. तो बैलाच्या पुढ्यात मटकन बसला. डागल्यापासून हा जवळ आला की पाखऱ्या मान फिरवायचा. आज बऱ्याच वेळानं त्यानं केरबाच्या खांद्यावर तोंड टेकलं. केरबाला भडभडून आलं.

उन्हं कलली. बैलानं मागचा पाय हळूच टेकला... उचलला... पुन्हा टेकला, आणि तसाच उभा राहून रवंथ करू लागला.

केरबानं वाकून तो खूर चाचपला.

“बाबा, डागणी तर लावलीच न्हाई तुम्ही. मग दुपारभर तापवली कशाला?”

बाबानं तेलकट हात दाढीला पुसले आणि चटईवर अंग टाकलं.

“ती व्हय? ती तुझ्यासाठी. त्याबिगर तू दुपारभर बैलापाशी बसला नसतास. इझव आता.”