दोन सह्यांचा पक्षी

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. माझ्या मुलीची शपथ.

मला मुलगी नाही, दोन मुलगे आहेत. पण गोष्ट खरी आहे. मी स्वतः तिथे नव्हतो. जे होते त्यांच्यातल्या एकाकडून ऐकली. तो गृहस्थ बोलतो त्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं. पण ही गोष्ट सांगताना त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणून मी ठेवून घेतली.

“दुसरा कोण?” आण्णांनी विचारलं.

पडवीत बसलेल्या सगळ्यांवरून त्यांनी नजर फिरवली.

“निशिकांतनं पाहिला, ठीक. दुसरा कोण?”

...

भार्गवआण्णा तोडणकर पस्तीस वर्षं दीपगृहावर होते. निवृत्त झाल्यापासून दर वर्षी दसरा उलटला, उत्तरेकडचे पाहुणे पक्षी किनाऱ्यावर उतरू लागले, की आठ-दहा जणांना घेऊन ते एका खाडीच्या मुखाशी तीन दिवस राहत आणि पक्षी दाखवत. खाडी कुठली ते सांगणार नाही. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही... पण नाही.

दिवेलागणीला पडवीत यादी व्हायची. आण्णा एकेक नाव पुकारणार, पाहणाऱ्यांनी हात वर करायचा, आणि नवा पक्षी असेल तर वहीत त्याच्यापुढे दोघांनी सह्या करायच्या. दोघांनी. ही दीपगृहातली सवय. एकट्याचा पक्षी वहीत जात नसे. एकदा खुद्द आण्णांनी एकट्यानं पाहिलेला ससाणा असाच वाऱ्यावर सोडून दिला होता.

त्या वर्षी त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, “हे माझं शेवटचं. निघताना वही कुणाच्या तरी हातात देईन. पुढच्या वर्षीपासून त्यानं न्यायचं सगळ्यांना.”

निशिकांत सावर्डेकर चिपळूणचा. अकरा वर्षं आण्णांच्या मागून चाललेला. वही आपलीच, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. पण त्या तीन दिवसांत सांगलीच्या वसुधाताई केळशीकर ज्याला चिखल्या म्हणतील तो चिखल्याच निघत होता. आणि निशिकांतनं एका कुरवाला दोनदा चुकीचं नाव दिलं होतं. दुसऱ्यांदा आण्णा नुसते “हं” म्हणाले होते.

तिसऱ्या संध्याकाळी निशिकांतनं सांगितलं, आपण चमचाचोच्या पाहिला.

चिमणीएवढा पक्षी. काळी चोच टोकाला चमच्यासारखी पसरट. साऱ्या जगात काही शेकडेच उरलेत म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर तो दिसणं म्हणजे अंगणात वाघ बसलेला दिसणं.

“फोटो?” वसुधाताईंनी विचारलं.

“बॅटरी गेली.”

“नेमकी?”

“बॅटरी सांगून जात नाही हो, ताई.”

मग पाटसकर पुढे सरकले. जकात नाक्यावर तीस वर्षं ट्रकांखाली वाकून बघितलेला माणूस. निवृत्त झाला तरी वाकणं गेलं नव्हतं.

“किती वाजता?”

“चारच्या सुमाराला. वाळूच्या दांड्याच्या अगदी टोकाला.”

“तोंड कुठे होतं?”

“कुणाचं?”

“पक्ष्याचं.”

“पाण्याकडे.”

“मघाशी म्हणालात, खडकाकडे.”

“वळला तो. जिवंत होता, पाटसकर.”

कुणीतरी खुदकन हसलं. निशिकांतही हसला, पण त्याचं हसणं जरा लवकर संपलं.

“दुसरा कोण?” आण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं.

...

मग त्यांनी पेनचं टोपण काढलं.

“दुसरा मी.”



पाटसकर घसा खाकरून म्हणाले, “माफ करा आण्णा, पण चार वाजता तुमची समुद्राकडे पाठ होती. सुरूच्या झाडाखाली बसून तुम्ही पायातला काटा काढत होता. मी बघितलं.”

“बरोबर.”

“मग?”

“पक्षी वाळूवर होते, पाटसकर. तुम्ही माझ्याकडे का बघत होता?”

पाटसकर मागे सरकून बसले.

आण्णांनी वहीत पक्ष्याचं नाव लिहिलं, तारीख घातली आणि वही बंद केली.

“सह्या?” वसुधाताई म्हणाल्या.

“सकाळी.”

जेवणाला तळलेली मांदेली होती. निशिकांतनं दोन खाल्ली, तिसरी ताटात इकडून तिकडे फिरवत राहिला. समोर आण्णा शांतपणे काटे काढत होते. तो त्यांच्या बोटांकडे बघत होता. मग डोळ्यांकडे. मग पुन्हा बोटांकडे.

कारण त्यानं चमचाचोच्या पाहिलाच नव्हता.

चार वाजता दांड्याच्या टोकाला त्याच्यासमोर टिलवे होते, तसेच चिमणीएवढे, किनाऱ्यावर नेहमी दिसणारे. दोनेकशे. सगळ्यांच्या चोची सरळ, बारीक, नेहमीच्या. बघता बघता त्याच्या मनात आलं, यातल्या एकीला टोकाला चमचा असता तर... आणि परत चालत येईपर्यंत त्यानं तो पाहिला होता.

मग आण्णांनी काय पाहिलं?

आपल्यासाठी कुणी खोटं बोललं तर माणसाला बरं वाटतं. निशिकांतला बरं वाटेना. ज्यानं स्वतःचा ससाणा सोडून दिला, तो दुसऱ्याच्या चमच्यासाठी खोटं बोलेल? की हा सापळा आहे? उद्या सगळ्यांसमोर म्हणायचे, “कर सही,” आणि बघत राहायचे?

की तिसरंच काही? पक्षी खरोखरच होता? त्या दोनशेंत, काही पावलांवर, हा मनातल्या मनात चोच घडवत उभा असताना?

हे तिसरं त्याला सगळ्यांत वाईट वाटलं.

सकाळी सुकती लागली होती, पाणी मागे हटत होतं. आण्णा पुळणीवर एकटेच उभे होते, वही काखेत.

“आण्णा.”

“हं.”

“मी नाही पाहिला.”

आण्णांनी वही काढली, पान उघडलं, पेन पुढे केलं.

“मग खोड.”

“पण तुम्ही पाहिलात ना?”

“पाहिला.”

“खरंच?”

“आता तू पाटसकरांच्या नाक्यावर बसलास होय रे?”

“नाही, तसं नाही... पण तुम्ही पाहिला असेल तर राहू दे ना. साऱ्या जन्मात एकदा दिसतो.”

“एकदाही दिसत नाही बहुतेकांना.”

“मग?”

“काल आपण दोघं होतो. आज मी एकटा आहे. खोड.”

निशिकांतनं पेन घेतलं. रेघ सरळ आली नाही.

“तुमचा पक्षी गेला, आण्णा.”

“पक्षी कालच गेला,” आण्णा म्हणाले.

...

गोष्ट इथे थांबवली की लोक मान डोलावतात. कुणी चहा मागवतं. एका गृहस्थांनी तर माझे दोन्ही हात धरले होते, डोळ्यांत पाणी. मी बरीच वर्षं इथेच थांबवत आलोय.

पण पाटसकर गेल्या महिन्यात वारले. आता ऐकणाऱ्यांत वाकून बघणारं कुणी उरलं नाही, आणि त्यामुळे मला उलट चैन पडेनासं झालंय. तेव्हा सांगूनच टाकतो, यातलं मी काय रचलं.

पुळण रचली. म्हणजे पुळण होती, सुकती होती, आण्णा एकटे उभेही होते. निशिकांत त्यांच्यापर्यंत गेला. “आण्णा” म्हणाला. आण्णा “हं” म्हणाले. आणि मग निशिकांतनं विचारलं, “चहा आणू का तुमचा इकडे?”

“आण,” आण्णा म्हणाले.

त्यानं आणला.

बाकी कबुली, पेन, वाकडी रेघ, सगळं माझं. निशिकांत हे नावही माझंच. त्या वर्षी आमच्यात निशिकांत कुणी नव्हता. चिपळूणचा एक होता, आणि तो मी.

नऊच्या सुमाराला सामान गाडीत चढलं. आण्णांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि वही माझ्या हातात दिली. टाळ्या झाल्या. वसुधाताईंनी सगळ्यांत मोठ्यांदा वाजवल्या. त्यांना तेव्हा काय वाटलं असेल, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. पाटसकरांनी नाही वाजवल्या. ते चष्मा पुसत होते.

सगळे गाडीकडे वळल्यावर मी हळूच ते पान उघडलं.

पक्ष्याचं नाव. तारीख. पुढे सह्यांच्या दोन जागा. दुसऱ्या जागेवर ठळक, दीपगृहातल्या नोंदीसारखं, “भा. तोडणकर”.

पहिली जागा कोरी.

मी मान वर केली. आण्णा पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. गुडघ्यामुळे वेळ लागत होता. मला वाटलं, विचारावं... तो होता का. एवढंच. होता का?

त्यांनी नाडी ओढली, गाठ मारली, वर न बघता म्हणाले:

“माझी मी केलीय. तुझी सावकाश कर.”