घोडीचा खरारा

मालाची ने-आण जनावरांच्या पाठीवरून व्हायची, तेव्हाची गोष्ट. लिंगाप्पा वाण्याला गिऱ्हाइकाची नाडी कळायची, पण दावणीची नाही. रोज सकाळी तो घोडीला खरारा करायचा, मान खाजवत तिच्याशी बोलायचा. घोडी डोळे मिटून ओठ सैल सोडायची. तिच्या शेजारी बांधलेला त्याचा बैल ढवळ्या ते बघून जळायचा.

"ओझं मी वाहतो आणि लाड तुझे!" तो म्हणाला.

"मग पेंड तूच जास्त खातोस की, दादा!" घोडीनं टोमणा मारला.

त्या दिवसापासून ढवळ्यानं पेंडीला तोंड लावलं नाही. लिंगाप्पानं पेंडीत गूळ कालवला, तरी नाही. शेवटी, बैल दुखणेकरी झाला म्हणून त्यानं तो बाजारात उभा केला.

गिऱ्हाईक पारखी होतं. त्यानं दात बघितले, पाठ चाचपली आणि गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी सावकाश खाजवली. ढवळ्यानं मान लांब केली, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं तो समोरच्या पाटीतली पेंड खायला लागला.

"शेठ, दुखणेकरी म्हणालात ना?"

लिंगाप्पानं घाईघाईनं कासरा हातात घेतला. "पाव्हणं, बैल विकायचा नाही. तेवढं कुठं खाजवलंत, ते दाखवा."