नदीपलीकडचा किल्ला

फार जुन्या काळी, बोहेमिया नावाच्या थंड मुलखात, नदीकाठच्या कड्यावर एक किल्ला होता. लहानथोर हो, किल्ले जागचे हलत नाहीत, त्यांचे धनी तेवढे बदलतात.

तिथल्या सरदाराची आईवेगळी मुलगी नऊ वर्षांची असताना राजाची मर्जी फिरली. किल्ला दुसऱ्याला गेला, आणि बापलेक नदी उतरून पलीकडच्या खेड्यात राहायला आले. बापाने हाय खाल्ली आणि तो लवकरच वारला. मुलगी मोठी झाली. मधमाश्या पाळणाऱ्या एका भल्या माणसाशी तिचं लग्न झालं.

त्याने तिच्यासाठी स्वतःच्या हातांनी लाकडाचं घर बांधलं. पण ती रोज नदीकाठी जाऊन समोरच्या किल्ल्याकडे बघत उभी राही.

"अगं, जेवायला चल, सगळं निवतंय," तो हाक मारी.

"आले," ती म्हणे, आणि तिथेच उभी राही.

वर्षं सरली. किल्ल्याच्या एका धन्याने जुना बुरूज पाडला, दुसऱ्याने नवा चढवला. तिसऱ्याने फाशांच्या डावात अख्खा किल्लाच घालवला. चौथा धनी होता एक म्हातारा सेनापती. त्याला मूलबाळ नव्हतं. पलीकडे रोज उभी राहणारी बाई कोण, याची त्याने चौकशी केली. पुढे मठात राहायला जाताना त्याने किल्ल्याच्या चाव्या तिलाच पाठवून दिल्या.

ती हरखून गेली. "चला, आपल्या घरी जाऊ!"

नवरा म्हणाला, "मला घर म्हणून एवढंच ठाऊक आहे गं. माश्या टाकून मी कुठे येऊ? तू जा. मन भरलं की ये."

ती गेली. दालनामागून दालन धुंडाळत तिने आपल्या आईची खोली शोधली. तिथे कुणीतरी घोड्यांचा तबेला केला होता.

"इथे माझी आई राहायची," ती तिथल्या एका म्हाताऱ्या दासीला म्हणाली.

"असेल, बाईसाहेब," दासी म्हणाली. "इथे आलेली प्रत्येक मालकीण मला आपल्या मागच्या घराबद्दलच सांगत बसायची."

तेवढ्यात हिवाळा आला. बर्फाने घाट बुजला, नदीकडची वाट बंद झाली. लांबलचक मेजावर ती एकटी जेवायला बसे, आणि जेवण निवून जाई तरी कुणी बोलावत नसे. आता ती खिडकीतून पलीकडच्या काठावरच्या त्या लाकडी घराकडे बघू लागली. धुक्यात ते कधी दिसे, कधी दिसत नसे.

बर्फ वितळायला लागलं तशी ती धावतच घाट उतरली. घरात कुणी नव्हतं. शेजारीण बाहेर आली आणि मान खाली घालून म्हणाली,

"ऐन थंडीत ताप चढला त्यांना, आणि त्यातच ते गेले. बर्फ तुडवत का होईना, तुम्हाला निरोप धाडू, असं आम्ही म्हणालो. तर ते म्हणाले, 'नको. तिला आत्ता कुठे तिचं घर मिळालंय.'"

जन्मभर ती किल्ल्यासाठी रडली होती. त्या दिवशी पहिल्यांदा ती त्या माणसासाठी रडली.

ती किल्ल्यावर परत गेलीच नाही. पुढे राजाने किल्ला आणखी कुणाला तरी दिला. तो कोण, हे तिने विचारलंही नाही.

म्हणून सांगतो: जे गेलं त्याची वाट पाहताना, जो आपली वाट पाहत बसला आहे त्याला विसरू नये.