वैद्यबुवांची चुन्याची पट्टी

टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक वैद्य होते. हाताला गुण होता, पण जिभेला धार. कुणी दुखणं अंगावर काढून उशिरा आलं, की ते सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढत. मागच्याच महिन्यात एका म्हातारीने चार दिवस ताप लपवला, तेव्हा ती बिचारी औषध घेऊन रडतच घरी गेली होती.

या वैद्यांनी नवं घर बांधायला घेतलं. जागेत पूर्वी एक आड होता, तो बुजवलेला. इथे पाया खचेल, दहा हात सरकून बांधू, असं गवंडी म्हणाला होता. पण वैद्यांना घर रस्त्यालगतच हवं होतं. त्यांनी हसून विषय संपवला.

घर उभं राहिलं, बाहेरून गुळगुळीत गिलावा झाला, पाच गावांत वास्तुशांतीची आमंत्रणं गेली. दहा दिवस उरले असताना अंगणाकडच्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली एक भेग उतरली. वैद्यांनी गवंड्याला बोलावून ती भरून रंगवायला सांगितलं.

गवंड्याने भेगेवरून बोट फिरवलं. भेग नुसत्या गिलाव्याची असेल तर भरता येईल, भिंतीची असेल तर पाया उकरावा लागेल, असं तो म्हणाला. मग त्याने भेगेवर आडवी, चार बोटं रुंद चुन्याची पट्टी लावली.

"वैद्यबुवा, आठ दिवस हिला हात लावू नका. अखंड राहिली तर मी स्वतः रंगवून देतो. पण हिला तडा गेला, तर भिंत हलतेय असं समजा आणि तिच्याजवळ कुणाला फिरकू देऊ नका."

तीन दिवस ठीक गेले. चौथ्या सकाळी पट्टीवर केसाएवढी रेघ दिसली. आमंत्रणं गेलेली. गवंड्याचं ऐकलं नाही, हे आता गावापुढे कबूल करायचं? वैद्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पट्टी खरवडली आणि औषधाच्या खलात चुना कालवून नवी लावली. सातव्या दिवशी तीही फुटली. त्यांनी तीही बदलली.

नवव्या दिवशी गवंडी आला. पट्टी अखंड बघून त्याला मनापासून आनंद झाला. आपलीच शंका खोटी ठरली म्हणत त्याने भेग बुजवली आणि भिंत रंगवून दिली.

वास्तुशांतीच्या दुपारी अंगणात सावली होती ती तेवढी त्या भिंतीची, म्हणून मुलांची पंगत तिला लागूनच बसली. तिथे नको म्हणायला वैद्यांनी तोंड उघडलं, आणि कारण काय सांगावं म्हणून मिटलं.

ते तूप वाढत पुढे सरकत होते. ताप लपवणाऱ्या त्या म्हातारीच्या नातीपाशी आले, तेव्हा वरून चुन्याचा एक खडा तिच्या वरणात पडला. पोरीने तो बोटाने काढला आणि ती जेवू लागली. वैद्यांनी मान वर केली. नव्या रंगातून रेघ पुन्हा खाली उतरत होती.

भरल्या पानावरून माणसाला उठवणं हा केवढा अपमान, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते म्हणाले, "पानं सोडा आणि उठा सगळे."

मोठ्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. मुलं मोठ्यांकडे बघत बसून राहिली. कुणीच उठेना.

"भिंत हलतेय," वैद्य म्हणाले. "पट्टी दोनदा फुटली होती, ती मी बदलली. मी तुम्हाला फसवलं. उठा रे बाळांनो."

मुलं धावली. म्हातारीने नातीला दंडाला धरून ओढलं. शेवटचा मुलगा तुळशीपर्यंत पोचतो न पोचतो, तोच भिंत विटांसकट पानांवर कोसळली.

धुरळा बसला. म्हातारी पुढे आली. "वैद्यबुवा, आम्ही ताप लपवला की तुम्ही रागावता. आता तुमच्यावर कुणी रागवायचं?"

"तुम्हीच," वैद्य म्हणाले आणि मान खाली घालून उभे राहिले. म्हातारीने मग बोलायचं काही बाकी ठेवलं नाही.

पुढे घर दहा हात सरकून बांधलं. नव्या भिंतीला भेग नव्हती, तरी वैद्यांनी गवंड्याकडून दाराशेजारी एक चुन्याची पट्टी लावून घेतली. दुखणं लपवून उशिरा येणाऱ्याला ते अजूनही रागावत, पण आधी ती पट्टी दाखवत.

तात्पर्य: चूक दाखवणारी खूण पुसली, तरी चूक तिथेच राहते, ती वेळेवर कबूल केली, तरच माणसं वाचतात.