सिद्रामच्या तोंडातला वेलदोडा

“आणि दारच उघडलं नाही, तर मी कुणाचा सोबती म्हणायचा, आक्का?”

सिद्राम आल्या आल्या हे बोलला. पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती.

रत्नाक्का माझी शेजारीण. आमच्या मधे भिंत आहे, पण ती नावाला. तिचा नवरा दारूत गेला. तेव्हापासून, ज्या घरात आई नाहीतर बाप पितो, त्या घराला ती एक सोबती देते. सोबती म्हणजे स्वतः त्यातनं गेलेलं माणूस. ते औषध देत नाही, भाषण करत नाही. त्या घरी जातं, बसतं, लागेल तेव्हा उभं राहतं. बस्स.

मी विरजण मागायला गेले होते. विरजण कधीच वाटीत पडलं होतं, पण सिद्रामचा चेहरा बघून माझं पाऊल उचलेना.

सिद्राम आधी प्यायचा. सोडली, तीही सगळ्या गल्लीला ऐकवून. सोबती म्हणून त्याला मिळालेलं हे पहिलंच घर. त्या घरची भारती संध्याकाळच्या पाळीला सूतगिरणीत जाते. नवरा गुत्त्यावर असतो. घरात मोठी कस्तुरी आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंच. सिद्रामनं त्या वेळेला लेकरांपाशी बसायचं, आणि बाप वाईट नुरात आला तर दोघांना शेजारी नेऊन बसवायचं. एवढंच काम.

“परवा बाप पिऊन आला तेव्हा लेकरं आत, मी बाहेर,” सिद्राम म्हणाला. “भांडी आपटल्याचं ऐकत उभा राहिलो. आता भारती म्हणते, पोरं तुम्हालाच भितात, तुम्ही येऊ नका.”

“बस.”

“बसत नाही. माझं काय चुकलं ते सांगा. धुतलेला शर्ट घालून जातो. बिस्किटं नेतो. कस्तुरीला रोज सांगतो, मी तुझ्या बापासारखा नाही.”

“ती काय करते?”

“दार फटीएवढं उघडते. टाचा उंचावून तोंड माझ्या तोंडापाशी आणते. आणि धाडकन लावते. वेडावून दाखवते मला.”

रत्नाक्का उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश.

“इकडं ये. जवळ.”

तो पुढं झाला. तिनं त्याच्या तोंडापाशी नाक नेलं आणि हुंगलं. अगदी उघड. मला तर कुठं बघावं कळेना.

सिद्राम मागं सरकला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“तुम्ही पण, आक्का? सोडली मी. लेकीची शपथ.”

“मी काही विचारलं का तुला?”

“मग हे काय?”

“काय खाल्लंयस?”

“वेलदोडा. चार माणसांत जायचं म्हणजे तोंड बरं असावं.”

“आधीपण खायचास?”

“तेव्हा तर मूठ मूठ. वास जावा म्हणून…”

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. हात खिशावर गेला. तिथं पुडी असणार, कागद वाजला.

मला वाटलं, सुटला गुंता. मी म्हणालेसुद्धा, “अरे, मग खाऊ नकोस आजपासून. झालं.”

रत्नाक्कानं माझ्याकडं असं बघितलं, की मी वाटीतल्या विरजणाकडं बघत बसले.

सिद्राम आता खाली बसला. पार उंबऱ्यातच. आवाज उतरला होता.

“न खाता गेलो… तर उघडेल?”

“काय माहीत.”

“आणि हुंगूनसुद्धा नाही उघडलं तर?”

“तर दुसऱ्या दिवशी जा.”

“असं किती दिवस, आक्का? मी सोडली, हे तिला कधी पटायचं?”

“वैजूला पटलं?”

वैजू म्हणजे सिद्रामची लेक. कस्तुरीच्याच वयाची.

आल्यापासून तो पहिल्यांदा हसला. “तिचं काय विचारता. तिला कधीचंच पटलं. मी दारात पाय टाकला की पळत येते. मानेत हात टाकते, नाक माझ्या तोंडाशी आणते आणि…”

थांबला.

बाहेर भोंग्यावर कुणीतरी कांदे विकत होतं.

“रोज?” रत्नाक्कानं विचारलं.

“रोज.”

त्यानं तोंडावरून हात फिरवला.

“मला वाटायचं, लाडानं करते.”

मला राहवलं नाही. “लाडानंच करत असेल रे,” मी म्हणाले. त्यानं ऐकलं नाही. रत्नाक्कानंही हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ती चहाचं आधण ठेवायला वळली.

तिच्या पाठीकडं बघत सिद्राम म्हणाला, “तिला सांगू का, आक्का? की आता हे नको करूस. बाप आता तसा नाही.”

“नको.”

“मग कस्तुरीला तरी?”

“तिलाही नको.”

“वेलदोडा खायचा नाही. सांगायचं नाही. रागवायचं नाही.” त्याचा आवाज कापत होता, चिडून की कशानं, मला नाही समजलं. “मग या दोन पोरींपुढं मी करायचं तरी काय?”

रत्नाक्कानं आधणात साखर टाकली. ढवळली. मग म्हणाली,

“खाली वाकत जा. टाचा उंच करून करून दुखत असतील त्यांच्या.”