हुश्शधोंड

पिंपळोंडीहून उंबरमाळला चढणारी वाट ज्या अरुंद खिंडीतून जाते, तिला धामणखिंड म्हणतात. खिंडीच्या ऐन मध्यावर, वाटेला लागूनच, एक काळा सपाट धोंडा आहे. त्याचं नाव हुश्शधोंड. खिंड चढून आलेल्याने त्यावर टेकायचं, हिरव्या मिरचीचा तुकडा चावायचा, मोठ्याने ‘हुश्श’ म्हणायचं आणि मगच पुढे निघायचं, अशी इथली रीत. डोंगर चढायला आलेली शहरातली मंडळी आधी हसतात. पण वाटेत एखादी पुरुषभर लांबीची धामण सळसळत आडवी गेलेली असली, की हसू मावळतं आणि धोंड्यावर टेकताना ‘हुश्श’ आपोआप बाहेर पडतं. तेव्हा उंबरमाळचे म्हातारे वाटाडे धाकलूबाबा ढेबे पिशवीतून मिरच्या काढून वाटतात आणि ठमाबाईची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, या खिंडीतून कुणीच जात नसे. आत सापांचं ठाणं आहे, गेलेला माणूस परत येत नाही, अशी दोन्ही गावांची पक्की समजूत. एक वाटसरू आत शिरला तो पुन्हा दिसलाच नव्हता. कड्यावरून पडला की वाघाने नेला, देव जाणे. नाव मात्र सापांचं झालं. मग उंबरमाळला जायचं तर नदीकाठाने सगळ्या डोंगराला वळसा. आज निघालेला माणूस उद्या पोचे.

ठमाबाई पिंपळोंडीची सुईण. आसपासच्या वाड्यांतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. अडलेल्या बाईच्या उशाशी ती बसली की घरच्यांचा जीव भांड्यात पडे. पण सापाचं नाव काढलं की हीच बाई गारठून जाई. तिचा बाप तिच्या डोळ्यांदेखत पान लागून, साप चावून, गेला होता. विष चढलं की जिभेला तिखट कळत नाही म्हणत, ते बघायला वैदूने त्याला मिरची चारली, आणि बाप म्हणाला होता, “कायच लागत न्हाई गं पोरी.” ते शब्द तिच्या कानातून कधी गेलेच नाहीत. वाटेत दोरी आडवी पडलेली दिसली तरी तिचे पाय थिजत.

तिची एकुलती लेक भागू उंबरमाळला दिलेली होती. पहिलटकरीण. दिवस भरायला अजून अवकाश होता. पण आश्विनातल्या एका सकाळी, उन्हं तापू लागली असताना, वरच्या कड्यावरून कुकारा आला.

“ठमाबाय ऽऽ! भागूच्या पोटात कळा याय लागल्यात! मूल आडवं हाय! लवकर या ऽऽ!”

ठमाबाई अंगणात भात वाळत घालत होती. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मूल आडवं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? नदीच्या वाटेने ती पोचेपर्यंत लेकही राहिली नसती आणि नातवंडही. तिने पदर खोचला आणि थेट खिंडीच्या दिशेने चालू लागली.

तिचा दीर सखोबा हातात काठी घेऊन मागे धावला. “वयनी, येड लागलं का तुमास्नी? तिकडं मरण हाय!”

“मरण वर बी हाय, भावजी,” ती म्हणाली. “तिथं माझी लेक एकली हाय.”

सखोबाने काठी खांद्यावर टाकली आणि तो तिच्या मागोमाग चढू लागला.

खिंडीत शिरल्यावर ठमाबाईने जे पाहिलं, ते पुढे कितीतरी वर्षं तिच्या स्वप्नात येत असे, म्हणतात. पाऊस सरला होता, उन्हाची तिरीप खिंडीत उतरली होती, आणि दोन्ही बाजूंच्या कातळावर लांबच लांब पिवळसर जनावरं अंग सैल सोडून ऊन खात पडली होती. सखोबाने काठी उगारली. तिने त्याचा हात धरला.

“नगा मारू. ती निजल्यात. निजू द्या.”

ओठांतल्या ओठांत वाघजाईचं नाव घेत ती एकेक पाऊल टाकत गेली. निम्मी खिंड सरली. आणि तिथेच शेवाळावरून तिचा पाय घसरला. तोल सावरायला तिने हात टेकला, तो कातळावर टेकलाच नाही. हाताखाली काहीतरी गार, जाड वळवळलं. धामण उसळली, तिच्या उजव्या मनगटाला चावली आणि सळ्ळकन कपारीत दिसेनाशी झाली.

उजवा हात. पोटातलं मूल फिरवायचं ते याच हाताने.

ठमाबाई शेजारच्या धोंड्यावर मटकन बसली. मनगटातून रक्त ठिबकत होतं. सखोबा रडायलाच लागला. तिच्या डोळ्यांपुढे बाप आला, मग भागू आली. तिने डोळे मिटले आणि खिंडीच्या देवीला हाक मारली: “आई वाघजाई, बाळ मोकळं होईस्तवर एवढा हात चालू दे. मग मला ने. ही तुझी लेकरं. हितून पुढं या खिंडीत माझ्या कुळातलं कुणी त्यांच्यावर काठी उगारणार न्हाई.”

मग ती वाट पाहू लागली. जीभ जड होते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का. तसं काहीच होईना. शेवटी सखोबाने कमरेच्या फडक्यातली भाकरी सोडली, तिच्यावरची मिरची काढली आणि पुढे केली. “चावा, वयनी.”

ती चावायला धजेना. मिरची हातात धरून नुसती बसली. मग तिने डोळे घट्ट मिटून ती कचकन तोडली.

आधी काहीच कळलं नाही. आणि मग जिभेपासून कानांपर्यंत जाळ झाला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ठसका लागला.

“भावजी, तिखट लागतीया! लई तिखट लागतीया!”

आणि तिने असा श्वास सोडला, म्हणे, की ते ‘हुश्श’ खिंडीच्या दोन्ही भिंतींवर आपटत वर उंबरमाळच्या माचीपर्यंत गेलं. सखोबा रडता रडता हसत सुटला. तीही हसली. मनगट पाहिलं तर नुसते बारीक ओरखडे. तिने त्यावर पदराची चिंधी बांधली आणि ती उठली.

ती उंबरमाळला पोचली तेव्हा भागूला डोळा उघडवत नव्हता. ठमाबाईने हात धुतले, तेल लावलं, आणि पोटावरून हळूहळू चोळत मूल फिरवलं. ऊन कलायच्या आत मुलगी झाली, रडली, आणि घरभर माणसं बोलू लागली.

“आई, इतक्या लवकर कुठल्या वाटेनं आलीस गं?” भागूने विचारलं.

“सरळ वाटेनं,” ठमाबाई म्हणाली, आणि नातीला तिच्या कुशीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उंबरमाळची माणसं तिच्यासोबत खिंडीत उतरली. धामणी तशाच ऊन खात होत्या. धामणीला विष नसतं, ती शेतातले उंदीर खाऊन जगते, हे धिटाईने जवळून पाहिल्यावर लोकांना उमगलं. वाट सुरू झाली. ठमाबाईचा नवस मग तिच्या कुळापुरता राहिला नाही, दोन्ही गावांनी तो आपला मानला.

धाकलूबाबा इथे थांबतात आणि पाहुण्यांना बजावून सांगतात, “मिरचीची पारख तवाची हो. आता कुठलंबी जनावर चावलं तर मिरची हुडकीत बसू नगा, दवाखाना गाठा.”

आजही धामणखिंडीत कुणी काठी उगारत नाही. जनावर आडवं आलं तर शेपूट दिसेनासं होईपर्यंत माणसं उभी राहतात. आणि आजही उंबरमाळच्या एखाद्या सुनेचे दिवस भरत आले, की तिची आई पिंपळोंडीहून याच वाटेने वर येते. धोंड्यावरचं तिचं ‘हुश्श’ माचीवर ऐकू आलं, की घरातली माणसं चुलीवर पाणी ठेवतात.